गोल खांद्यांचा आवाज

शिसपेन्सिल दातांत धरायची, तिचं दुसरं टोक स्पीकरच्या लाकडी खोक्यावर टेकवायचं आणि डोळे मिटायचे. दुरुस्त केलेला कोणताही अ‍ॅम्प्लिफायर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते असं करत. अर्धं मिनिट, कधी एक मिनिट. तेवढ्यात कुणी तोंड उघडलं की डोळे मिटलेलेच ठेवून ते उजवा हात वर करत. मग पेन्सिल काढून तिचं ओलं टोक वेष्टीच्या, म्हणजे तिकडच्या धोतराच्या, काठाला पुसत ते म्हणत, "आधीं ऐका, मग बोला."

त्यांचं नाव इथे देत नाही. वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत त्यांना सगळे 'राव सार' म्हणत, पण ते काही नाव नव्हे. तुम्ही चेन्नईत राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, इथे कुणी मराठी बोलताना सापडला की लोक त्याला राव करून टाकतात. मी सोलापूरचा, माझं आडनाव राव नाही, तरी आमच्या इमारतीच्या पाटीवर मी राव आहे.

त्यांची मराठी तंजावरची. घराण्याने महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नक्की सांगता येत नसे. जे अनुस्वार आपण जुन्या छापील पुस्तकांत पाहतो ते त्यांच्या बोलण्यात ऐकू येत, आणि दोन मराठी वाक्यांच्या मध्ये तमिळ 'सरी' आणि 'पोदुम' सहज येऊन बसत. सरी म्हणजे बरं, पोदुम म्हणजे पुरे.

मी इंग्रजी दैनिकात उपसंपादक आहे. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो मुलाखतींसाठी वापरायचा रेकॉर्डर घेऊन. त्याचं हेडफोनचं भोक सैल झालं होतं. त्यांनी रेकॉर्डर उलटासुलटा करून पाहिला आणि तमिळमध्ये माझं गाव विचारलं. मी सांगितलं. तेव्हा ते मराठीत म्हणाले, "ह्यांत आवाज नाहीं बरें. आवाजाचा फोटो आहे. तरी नीट करून देतों." त्या दिवसापासून मी 'पेपरवाले' झालो. माझी रात्रपाळी असे, त्यामुळे दुपारचे दोन-तीन तास मोकळे असत. गल्लीत मराठी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मी तिथे जाऊन बसू लागलो.

तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली हे त्यांचं वर्कशॉप. एक लांब टेबल, त्यावर सोल्डरिंगचं इस्त्रीसारखं तापणारं हत्यार, मीटर, आणि सगळ्यांत मानाच्या जागी एक जुना ऑसिलोस्कोप. वाटोळ्या काचेवर हिरवी रेघ उमटवून आवाजाचा आकार दाखवणारं ते यंत्र. भिंतीला टेकून गिटारचे, कीबोर्डचे, भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर रांगेत उभे. जेवायची वेळ झाली की आतून त्यांची पत्नी, म्हणजे गल्लीची मामी, त्यांना हाक मारत नसे. दाराजवळचं बटण दाबून ती खोलीतला दिवा दोनदा उघडमीट करी. ते लगेच उठत. मला ती त्या घराची रीत वाटली. काही घरांत घंटा वाजवतात, तसं.

त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात, ध्वनियंत्रणेच्या देखभालीवर गेली. आवाज जसा आत शिरला तसाच बाहेर पडला पाहिजे, वाटेत त्याचा आकार बिघडता कामा नये. हा बिघाड म्हणजे डिस्टॉर्शन. तो शोधायचा, काढायचा, आणि रोज सकाळी रजिस्टरात 'डिस्टॉर्शन मर्यादेत' असं लिहून सही करायची. अडतीस वर्षं त्यांनी ही सही केली. निवृत्तीनंतरही ते हेच करत होते, फक्त रजिस्टर नव्हतं.

मग सेल्वम आला. हे नाव बदललेलं आहे. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो शिफ्टमध्ये काम करे आणि रविवारी लग्नांत, देवळांच्या उत्सवांत गाणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी. चाळिशी ओलांडलेला, मिशीवाला, सारांसमोर नेहमी चप्पल बाहेर काढून उभा राहणारा. त्याने आपला काळा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला. ट्रान्झिस्टरवर चालणारा, कोपरे झिजलेला, पण धडधाकट.

"सार, ह्यात व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन..."

"आहे? काढून टाकतो."

"नाही सार. पाहिजे. घालायचं आहे."

हे बोलणं तमिळमध्ये झालं. ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पेपरवाले, ऐकलांत? अडतीस वर्षें मी जें काढत होतों, तें हा मजला घालावयास सांगतो."

सेल्वमने मोबाइलवर कुणाचं तरी गिटारवादन लावलं. जुन्या रेडिओंत असत तसल्या, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता तो. जोरात तार छेडली की सूर कर्कश होण्याऐवजी घोगरा, रुंद आणि ऊबदार होत होता. सारांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, त्यावर पेन्सिल टेकवली, डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाले, "सरी. ठेवून जा."

मला त्यांनी समजावलं ते असं. तार जोरात छेडली की आवाजाची लाट अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाक्याबाहेर जाते. मग यंत्राला ती कापावी लागते. "ट्रान्झिस्टर म्हणजे एक वाजतां खिडकी धाडकन बंद करणारा कारकून. पुढें कोण उभा आहे, पाहणार नाहीं. व्हॉल्व्ह खिडकी अर्धी ओढतो, कुरकुर करतो, आणि आणखी दोघांस तिकीट देतो." ऑसिलोस्कोपवर त्यांनी ते दाखवलंही. ट्रान्झिस्टरच्या लाटेचं डोकं सुरीने उडवल्यासारखं सपाट. व्हॉल्व्हच्या लाटेला मात्र खांदे होते, गोल, उतरते. "हे खांदे पाहिजेत त्यास," ते म्हणाले. "चूकच आहे. पण सभ्य चूक आहे."

काम सोपं नव्हतं. ट्रान्झिस्टरचं यंत्र कमी व्होल्टवर चालतं, व्हॉल्व्हला त्याच्या कितीतरी पट लागतात. आत तेवढी वीज तयारच होत नाही. त्यांनी रिची स्ट्रीटच्या जुन्या सामानाच्या दुकानातून अंगठ्याएवढे चार व्हॉल्व्ह आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणला. तो ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला, म्हणजे वीज उतरवण्याऐवजी चढवेल असा. त्याच्या शेजारी तांबड्या रंगाने तमिळमध्ये 'धोका' असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

पहिल्या खेपेला सेल्वमने वाजवून पाहिलं आणि तो गोंधळला. आवाज अतिशय स्वच्छ होता. त्याच्या मूळ अ‍ॅम्प्लिफायरपेक्षाही स्वच्छ.

"सार, हे फार चांगलं झालंय."

"मग?"

"थोडं खराब करा ना, सार."

सारांनी सर्किट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नकळत त्यांनी त्यात बिघाड शोधून मागच्या मागे दुरुस्त करणारी एक जोडणी घातली होती. नोकरीत प्रत्येक सर्किटला घालत, तशी. डिस्टॉर्शनसाठी बसवलेला व्हॉल्व्ह आपलंच डिस्टॉर्शन पुसत बसला होता. दुसऱ्या खेपेला ती जोडणी काढली, पण आणखी एक कुठेतरी राहिली. आवाज पुन्हा धुतल्यासारखा. "हात ऐकत नाहीं माझा," ते म्हणाले. "सरकारी हात आहे." तिसऱ्या खेपेला त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "मी कांहीं सुधारूं लागलों तर ओरडा."

टेबलावर, खोक्याबाहेर, तो अ‍ॅम्प्लिफायर वाजला तेव्हा सेल्वमने एकच सूर छेडला आणि हात उचलला. सूर लांबत, घोगरा होत, हळूहळू विझत गेला. तो विझेपर्यंत कुणीच हललं नाही. सेल्वमने गिटार खाली ठेवली आणि वाकून सारांच्या पायांना हात लावला. ऑसिलोस्कोपवर खांदे गोल होते.

मग सारांनी यंत्र खोक्यात बसवलं, स्क्रू पिळले, पेन्सिल दातांत धरली आणि खूण केली. सेल्वम वाजवू लागला. तोच घोगरा, रुंद सूर आला, आणि त्याच्या वर एक बारीक शिट्टी. डासाची असते तशी, पण सरळ आणि न थांबणारी. सेल्वमने माझ्याकडे पाहिलं. मला गिटारमधलं काही कळत नाही. मला वाटलं, हेच ते डिस्टॉर्शन.

सारांनी डोळे उघडले. "कसा?"

"सुपर, सार," सेल्वम म्हणाला.

तो अ‍ॅम्प्लिफायर उचलून निघाला तेव्हा मीही घरी जायला उठलो होतो. फाटकाशी मामी उभी होती. तिने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची एक चिठ्ठी सेल्वमच्या हातात दिली. त्याने ती न वाचता खिशात घातली. त्याला त्यात नवीन काही नव्हतं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"कोडंबाक्कमच्या मेकॅनिकचा पत्ता," सेल्वम म्हणाला. "शिट्टी आहे ना, सार. राव सारांना बारीक आवाज येत नाहीत. सगळ्यांना माहीत आहे." आणि स्कूटरवर पायांपुढे अ‍ॅम्प्लिफायर ठेवून निघून गेला.

मामीने फाटक लावलं. "तुम्हांस ठाऊक नव्हतें?" ती म्हणाली. "चार वर्षें झालीं. तुमचा आवाज जाड आहे, पोचतो. माझा बारीक. माझा पोचत नाहीं." तेव्हा मला तो दिवा समजला. "बटण लावून घेतलें मी. हाक मारून मारून थकलें, ते वळत नाहींत आणि मग आपणच रागावतात, 'मोठ्यानें कां बोलतेस?' म्हणून." मग ती म्हणाली, "सारांस सांगूं नका."

मी सांगितलं नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या पंचवीस-तीस वादकांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. कुणाचं यंत्र त्यांनी ऐन उत्सवात, रथ निघायच्या आधी, रस्त्यावर बसून चालू करून दिलं होतं. कुणाला पहिला अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधून दिला होता. ते पेन्सिल काढून "कसा?" विचारत, समोरचा "सुपर, सार" म्हणे, फाटकाशी चिठ्ठी घेई आणि कोडंबाक्कमला जाई. सेल्वमचा आवाज इतर गिटारवाल्यांनी ऐकला आणि त्यांनाही व्हॉल्व्ह हवा झाला. काम वाढलं. सार खुशीत होते. "ह्या वयांत मी बिघडवण्यांत नांव काढलें," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कोडंबाक्कमचा तो माणूस, ज्याला आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं होतं, प्रत्येक व्हॉल्व्हखाली रबराच्या चकत्या बसवी आणि शिट्टी थांबे. खोक्यात बसवल्यावर स्पीकरच्या थरथरीने व्हॉल्व्हची काच थरथरे, ती थरथर पुन्हा स्पीकरमधून बाहेर येई. एवढंच ते होतं. टेबलावर, खोक्याबाहेर, ऑसिलोस्कोपला ती दिसायची नाही. आणि खोक्यात घातल्यावर सार ऑसिलोस्कोप लावत नसत. तिथून पुढे कान.

माझ्या धंद्यात चूक दिसली की छापण्याआधी सांगायची असते. मी ती दर दुपारी ऐकत होतो आणि मामीने दिलेली कॉफी पीत होतो.

एका दुपारी टेबलावर उघडं यंत्र चालू होतं. सार दुसऱ्या टोकाला मीटर शोधत होते. यंत्रातून चरचर असा आवाज येऊ लागला, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना मीटर सापडला, ते वळले आणि नेहमीसारखे, आरामात, उघड्या यंत्रात हात घालू लागले. तांबड्या अक्षरांच्या अगदी बाजूला. मी भिंतीतली पिन उपटली.

"कोणीं विचारलें तुम्हांस?" ते गरजले. इतके रागावलेले मी त्यांना पाहिले नव्हते. "माझ्या टेबलावरची पिन काढतां?"

मी ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवलं. एका वायरवरचं आवरण काळं पडून सुरकुतलं होतं. ते वाकून पाहत राहिले.

"वास आला तुम्हांस?"

"आवाज आला."

"अस्सें," ते म्हणाले. त्यांनी ती वायर बदलली.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मामीला सांगितलं की आता लपवून चालणार नाही. ती भाजी चिरत होती. "सांगितलेंत तर ते हात धुवून बसतील," ती म्हणाली. "मग सकाळीं उठून करतील काय?"

"आणि न सांगता हात भाजला तर? भाजण्यावर भागलं नाही तर?"

तिने विळी आडवी केली आणि चिरलेली भाजी ताटलीत लोटत राहिली. "मग तुम्हीच सांगा," शेवटी ती म्हणाली. "माझ्यानें होणार नाहीं. चार वर्षें मी त्यांच्या तोंडावर खोटें बोललें आहे."

मी पुराव्याने जायचं ठरवलं. माणसाला आपलं मत सांगितलं तर तो वाद घालतो, कागद दाखवला तर वाद राहत नाही; नोकरीने मला एवढं शिकवलं आहे. दोन दिवसांनी एका गिटारवाल्याचं यंत्र तयार होऊन खोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, "सार, खोक्यात असताना ह्याला ऑसिलोस्कोप लावा ना एकदा."

"खोक्यांत गेल्यावर पाहायचें काय? तें ऐकायचें."

"एकदा. माझ्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग स्पीकरच्या दोन टोकांना वायरी लावल्या, टेबलावरच्या जुन्या गिटारची तार छेडली आणि आवाज वाढवला. शिट्टी सुरू झाली. काचेवरची हिरवी रेघ एकाएकी जाड झाली. दोऱ्याची सुतळी व्हावी तशी.

त्यांनी आधी ऑसिलोस्कोपवर संशय घेतला. बटणं फिरवली. मग वायर बदलली. मग दुसरी. मग खोलीतला पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. एकेक शक्यता क्रमाने वगळत गेले. मी आयुष्यात इतकी नीटनेटकी तपासणी क्वचितच पाहिली आहे. रेघ सुतळीच राहिली. शेवटी त्यांनी खोक्याच्या मागून हात घालून व्हॉल्व्हच्या गरम काचेवर अंगठा दाबला. रेघ बारीक झाली. अंगठा काढला. जाड.

"शिट्टी आहे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"आहे."

अंगठा दाबला. "आतां?"

"नाही."

काढला. "आतां?"

"आहे."

हे त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. उत्तर त्यांना रेघेत दिसतच होतं. तरी ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो.

"कधींपासून?"

"सेल्वमच्या यंत्रापासून. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

"सेल्वम 'सुपर' म्हणाला होता."

"हो."

"सगळेच 'सुपर' म्हणाले." ते स्टुलावर बसले. "मामीस ठाऊक आहे?"

माहिती देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, हीही माझ्या धंद्याची शिस्त. मी काचेवरच्या रेघेकडे पाहत राहिलो. त्यांना उत्तर मिळालं.

त्यांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शोधला, कात्रीने त्याच्या चार गोल चकत्या कापल्या आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी बसवल्या. दहा मिनिटांचं काम. रेघ दोऱ्यासारखी बारीक झाली. "पोदुम," असं म्हणून त्यांनी ऑसिलोस्कोप बंद केला. मी निघालो तेव्हा ते टेबलावरची हत्यारं आकाराप्रमाणे लावत होते.

मला वाटलं होतं, मी त्यांना धोक्यातून बाहेर काढतो आहे. ते खरंही होतं. पण त्यांच्याकडे धोक्याबरोबर आणखी जे काही होतं तेही मीच बाहेर काढलं, आणि परत आत घालायला मला ते येत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी नवं काम घेतलं नाही. रांगेतली यंत्रं एकेक करून परत पाठवली. सेल्वमला मात्र निरोप पाठवून बोलावलं, अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. तो आला, पुन्हा पुन्हा म्हणाला, "काही नाही सार, लहानशी गोष्ट, सार." सारांनी खोकं उघडलं. आत कोडंबाक्कमच्या माणसाने बसवलेल्या चकत्या होत्या, काळ्या, नेमक्या मापाच्या. त्यांनी चष्मा वर करून त्या पाहिल्या. "चांगलं काम आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "त्याला सांग, मी पाहिलं म्हणून." आणि एकही स्क्रू वाकडा न जाऊ देता खोकं पुन्हा बंद केलं. सेल्वम फाटकाबाहेर जाऊन बराच वेळ स्कूटरवर नुसता बसून होता.

पुढे त्यांनी कानाची यंत्रं घेतली, दोन्ही कानांना. मामीचा आवाज पुन्हा येऊ लागला; तिने दिव्याचं बटण वापरणं सोडलं. मी विचारलं, आता काम पुन्हा सुरू करायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "हें यंत्र सभ्य आहे. सगळें स्वच्छ करून मगच आंत सोडतें. ह्यांतून व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर एकसारखे ऐकूं येतात."

काही महिन्यांनी ते दोघे मुलीकडे कोइंबतूरला राहायला गेले. ऑसिलोस्कोप रिची स्ट्रीटच्या दुकानदाराने नेला. त्या पुढच्या खोलीत आता साड्यांना फॉल लावून देणारी एक बाई बसते. सेल्वम अजून वाजवतो. आमच्या गल्लीच्या टोकाला मंडप उभा राहिला की मी थोडा वेळ थांबतो. त्याच्या गिटारचा सूर लांबतो, घोगरा होतो, विझतो. शिट्टी नसते.

यंत्रं घेण्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली. अड्यारच्या एका कानाच्या दवाखान्यात त्यांची तपासणी होती. मामीने मला बरोबर यायला सांगितलं होतं. कपाटाएवढी एक खोली, तिला जाड काचेची खिडकी. सार आत खुर्चीवर बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, डोक्यावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की ते दाबायचं. बाहेर तपासणारी मुलगी यंत्रापुढे, तिच्या बाजूला मामी आणि मी. यंत्रावर दोन दिवे होते. आवाज सोडला की हिरवा लागे. आतून बटण दाबलं की तांबडा.

सुरुवातीला खर्जातले आवाज होते. हिरवा, तांबडा. हिरवा, तांबडा. सार झटपट दाबत होते. मामीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

मुलीने बटण फिरवून आवाज अधिकाधिक बारीक करत नेले. हिरवा लागला. तांबडा लागला नाही. तिने जोर वाढवला. हिरवा. पुन्हा हिरवा. आत सार ताठ बसून होते, मान किंचित पुढे, अंगठा बटणावर टेकलेला. त्यांनी आमच्याकडे पाहून हलकेच मान डोलावली.

"तांबडा दिवा बिघडला का?" मामीने विचारलं.

"नाही मामी," मुलगी म्हणाली.

तिने आणखी जोर वाढवला. बराच वेळ गेला. मग काचेपलीकडून सारांचा आवाज आला, हेडफोनमुळे गरजेपेक्षा मोठा, आणि फार अदबीचा.

"अम्मा, मी तयार आहे. तुम्ही सुरू करा."

तेव्हा हिरवा दिवा लागलेलाच होता.